परदेशी याद्या बाजूला ठेवू: सातारा-सांगलीत फुलपाखरांसाठी औषधी फुलझाडे

गच्चीबाग (सातारा)

मृग तोंडावर आलाय, लावणीचे दिवस आहेत, म्हणून हा धागा काढतोय. फुलपाखरांसाठी कुठल्या औषधी वनस्पती लावाव्यात याच्या याद्या व्हॉट्सअॅपवर फिरतात. बडीशेप, शेपू, लव्हेंडर, ओरेगानो, थाइम. या याद्या युरोप-अमेरिकेतल्या बागांच्या आहेत. तिकडे बडीशेप-शेपूवर स्वॅलोटेल फुलपाखरे अंडी घालतात. त्यातली जी जात भारतात सापडते ती हिमालयात राहते, कृष्णाकाठी उतरत नाही. आपल्याकडच्या बऱ्याचशा स्वॅलोटेलांना लिंबाच्या कुळातला पाला लागतो. लव्हेंडरचं तर पावसाळ्यात मूळच कुजतं.

शेपू, कोथिंबीर, बडीशेप फुलली तर जरूर फुलू द्या. त्या बारीक छत्रीसारख्या फुलांवर मधमाश्या, घिरट्या घालणाऱ्या माश्या, ढालकिडे (लेडीबर्ड) भरपूर येतात. फक्त त्यांच्या भरवशावर फुलपाखरांची बाग उभी राहत नाही.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवून विचार करायचा: मकरंदाची झाडं आणि अळीच्या खाण्याची झाडं. नुसती मकरंदाची लावली तर फुलपाखरू येतं, पितं आणि निघून जातं. अळीचं झाड असेल तर मादी परत परत येते. आणि आपल्या औषधी वनस्पतींमध्ये हे दुसऱ्या प्रकारचं धन इतकं आहे की बाहेरचं काही आणायची गरज नाही. अंगणातल्या झाडांपासून सुरुवात करतो:

कढीपत्ता, कागदी लिंबू: कॉमन मॉरमॉन आणि लाइम बटरफ्लाय.
पानफुटी: रेड पिएरो. याची अळी पानाच्या आत शिरून गर खाते. पान उजेडात धरलं की आतली अळी आणि तिची काळी विष्ठा दिसते. असं पान रोगट समजून खुडलं जातं, तेवढं टाळा.
चित्रक (पांढरा किंवा निळा): झेब्रा ब्लू. अंडी कळ्यांवर, अळी कळ्या-फुलं खाते. फूल मकरंदालाही चांगलं.
घोळ: डॅनाइड एगफ्लाय. हिची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. वाफ्यातली सगळी घोळ भाजीला उपटू नका.
टाकळा: ग्रास यलो आणि एमिग्रंट जातीची पिवळी-पांढरी फुलपाखरं. पहिल्या पावसात आपोआप उगवतो.
कोरांटी: पॅन्सी जातीची फुलपाखरं.
उपलसरी: कॉमन क्रो.
ईश्वरी: कॉमन रोज, क्रिमझन रोज.
रुई, हळदीकुंकू: प्लेन टायगर.
एरंड: कॉमन कॅस्टर.

मकरंदासाठी तुळस, सब्जा, सहदेवी, तुंबा, निर्गुडी. त्यांच्या जोडीला पेंटास, जमैकन स्पाइक, साध्या पाकळीची झिनिया. आपापल्या भागातली भर घाला. माती, पाणी, कीड याबद्दल विशेष.

---

कृष्णाकाठ (सांगली)

यादी छान. सांगली-मिरजेच्या काळ्या मातीबद्दल लिहितो, कारण इथे झाडं कुठली यापेक्षा ती मरतात कशाने हा प्रश्न मोठा आहे.

काळी माती पाणी धरून ठेवते. चित्रक, पानफुटी, कोरांटी, पेंटास या सगळ्यांना मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये खालची पानं पिवळी पडली, खोड जमिनीलगत मऊ झालं की समजायचं, मूळ गेलं. त्यामुळे सपाट जमिनीत लावूच नका. तीन फूट रुंद, किमान नऊ इंच उंच गादीवाफा करा. लांबी जागेप्रमाणे. मिश्रण घमेल्याच्या मापात: काळी माती ४, जाड वाळू किंवा विटांचा चुरा ३, पूर्ण कुजलेलं शेणखत २, नीमपेंड दोन मुठी. शेणखत हातात घेतल्यावर शेणाचा वास येत असेल तर ते कुजलेलं नाही. त्यात हुमणी येते आणि उष्णतेने कोवळी मुळंही भाजतात.

बारीक प्लास्टरची वाळू घालू नका. काळ्या मातीत ती मिसळली की वाफा आणखी घट्ट होतो. जाड खडा असलेलीच घ्या.

दुसरी अडचण क्षाराची. नदीकाठची बरीच जमीन क्षारपड झालेली आहे, बोअरचं पाणीही जड. या मातीत इक्झोरा (रुग्मिणी) लावला की पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. कढीपत्त्याचंही काही ठिकाणी असंच होतं. जमिनीत लोह असतं, पण अशा मातीत ते झाडाला घेता येत नाही. त्यामुळे बुंध्यात फेरस सल्फेट ओतून उपयोग नाही, तेही तिथेच अडकतं. इक्झोरा हवाच असेल तर कुंडीत, लाल माती आणून आणि शक्यतो पावसाचं साठवलेलं पाणी घालून. नाहीतर त्याच्या जागी पेंटास लावा, मकरंदात तो कमी पडत नाही.

कुंडीत बोअरचं पाणी घालत असाल तर महिन्यातून एकदा कुंडीच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून क्षार खालून धुऊन काढा. कुंडीच्या कडेला पांढरी पापुद्र्याची रेघ दिसायला लागली की ही वेळ झाली.

---

नवी_गॅलरी

वाचून हुरूप आला. आमची तिसऱ्या मजल्यावरची पूर्वेची गॅलरी आहे, दहा फूट बाय चार फूट, ऊन सकाळी साडेसात ते बारा. एवढ्यात काय बसेल? अळ्या कढीपत्त्याचा पार खराटा करतात, त्यावर काही उपाय?

---

गच्चीबाग (सातारा)

साडेचार तास ऊन पुरेसं आहे, पूर्वेचं असल्याने उलट चांगलंच. सकाळी फुलपाखरांना पंख तापवायला ऊन लागतं.

आठ कुंड्या ठेवा. कढीपत्ता २ (१२ इंची), कागदी लिंबू १ (१२ इंची), पेंटास ३ एकाला एक लागून (८ इंची), पानफुटी १ पसरट कुंडीत, आणि एका लांबट ट्रेमध्ये सब्जा. पेंटास तीन कोपऱ्यांत तीन असे लावू नका. एका रंगाचा झुपका लांबून दिसतो, सुटी फुलं नजरेतून निसटतात. लाल किंवा गडद गुलाबी घ्या.

कुंडीचं मिश्रण: पोयटा माती २ भाग, शेणखत किंवा गांडूळखत १, कोकोपीट १, जाड वाळू अर्धा. कोकोपीट आधी दोनदा पाण्यात भिजवून पिळून घ्या, त्यातही क्षार असतात.

खराट्याबद्दल. अळी पाच टप्प्यांत वाढते. पहिले टप्पे पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसतात, तपकिरी-पांढरे, आणि फार खात नाहीत. शेवटच्या टप्प्यात ती हिरवी होते आणि सगळ्यात जास्त पाला तेव्हाच संपवते. फूटभर उंचीच्या रोपावर अशा तीन-चार अळ्या आल्या तर ते उघडं पडणारच. झाड मरत नाही. मूळ भक्कम असेल तर दोन-तीन आठवड्यांत नवी फूट येते. त्या काळात पाणी कमी द्या, कारण पानं नसताना झाड पाणी ओढत नाही आणि माती आंबते. खतही नवी फूट दिसल्यावरच.

खरा उपाय म्हणजे लिंबाची जादा रोपं. स्वयंपाकघरात लिंबू पिळल्यावर उरलेल्या ताज्या बिया, वाळवू न देता, अर्धा इंच खोल पेरा. तीन-चार आठवड्यांत रुजतात. दहा-बारा रोपं निव्वळ अळ्यांना पाल्यासाठी ठेवा, फळाची अपेक्षा नको. एक रोप संपलं की दुसरं शेजारी सरकवायचं, पानं एकमेकांना टेकली की अळी आपणहून जाते. ती चिमटीत धरून उचलू नका, पाय पानाच्या रेशमाला चिकटलेले असतात, ओढल्यावर इजा होते. उचलावीच लागली तर बसलेल्या पानासकट कात्रीने कापा आणि ते पान नव्या फांदीला टाचणीने लावा. लिंबावर वाढलेली अळी शक्यतो लिंबावरच ठेवा, मोठी झालेली अळी अचानक बदललेला पाला बऱ्याचदा खात नाही.

---

डोंगरकडा (सातारा पश्चिम)

आमचा पट्टा पावसाचा: यवतेश्वर, कास, बामणोली, वर महाबळेश्वर. इथे माती तांबडी, निचरा चांगला, पण चार महिने वारा आणि झड. त्यामुळे पश्चिमेला आडोसा आधी, झाडं मग. जोराच्या वाऱ्यात फुलपाखरू फुलावर टिकत नाही, फुलं कितीही असोत. बांबूचा ताटवा किंवा जास्वंदीचं दाट कुंपण पुरतं. अख्खी भिंत घातली तर वारा तिच्यावरून उडी मारून आत भोवरा करतो, त्यापेक्षा वारा गाळून घेणारं कुंपण बरं.

इथली खास पाहुणी म्हणजे ब्लू मॉरमॉन, आपलं राज्य फुलपाखरू. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ते जाहीर केलं, राज्य फुलपाखरू ठरवणारं आपलं पहिलं राज्य. तिला लिंबूवर्गीय झाडांचा मोठा, जाड पाला आवडतो. पपनस लावा. अर्धवट सावलीत, ओलावा असलेल्या जागी. फळासाठी पपनसाला ऊन लागतं, पण अळीसाठी लावत असाल तर सावलीतला लुसलुशीत पाला जास्त उपयोगी. मकरंदासाठी जास्वंद आणि पगोडा (लाल तुऱ्यांचं क्लेरोडेंड्रम, चाफा नव्हे). पगोड्याच्या मुळांतून नवी रोपं फुटत राहतात, तीन फुटांचं वर्तुळ मोकळं सोडा, नाहीतर दोन वर्षांत तो शेजाऱ्यांना गिळतो.

एक कळकळीची विनंती. कास पठारावरून रोप, कंद, बी, मातीचं ढेकूळ, काहीही आणू नका. पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ पासून कासचा समावेश आहे, तिथून काही उचलणं गुन्हा आहे, आणि लागवडीच्या दृष्टीनेही ते वाया जातं. तिथली तेरडा, सीतेची आसवं यांसारखी झाडं जांभ्या खडकावरच्या इंच-दोन इंच मातीत, ठरावीक ओलाव्यात जगतात. खत घातलेल्या कुंडीत ती मरतात. फुलपाखरांसाठी त्यांची गरजही नाही, एकदांडी आणि सहदेवी त्याहून जास्त फुलपाखरं ओढतात आणि बांधावर फुकट मिळतात.

घाणेरीबद्दलही लिहितो, कारण कुणीतरी सुचवणारच. मकरंद भरपूर, यात शंका नाही. पण तिची काळी फळं पक्षी डोंगरावर नेऊन टाकतात आणि तिथे ती स्थानिक झुडपं मारते. डोंगरालगत राहणाऱ्यांनी लावू नये. लावलेली असेल तर प्रत्येक बहरानंतर, फळ धरायच्या आत, छाटा.

---

कृष्णाकाठ (सांगली)

डोंगरकडा, घाणेरीबद्दल पूर्ण सहमत. जमैकन स्पाइकही मोकळ्या जागेत बी पाडून पसरतो. त्याचे वाळलेले तुरे कापत राहिलं की तो आवरतो आणि फुलतोही जास्त.

---

द्राक्षपट्टा (तासगाव)

शेताला लागून घर असलेल्यांसाठी. आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षावर फवारण्या सुरू होतात, आणि नेमका तोच काळ फुलपाखरांच्या भराचा, साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबर. वाऱ्यावर आलेला फवारा पाल्यावर बसला की अळ्या एका रात्रीत गळतात. तोंडातून हिरवं पाणी येतं, अंग आखडतं, अळी पानावरून लोंबते. हे दिसलं तर रोग समजू नका, विषबाधा आहे.

बाग वाऱ्याच्या विरुद्ध अंगाला, घराच्या आडोशाला ठेवा. बांधाच्या बाजूला शेवरीच्या दोन ओळी, दोन ओळींत दोन फूट, रोपांत एक फूट, नागमोडी. फवाऱ्याचे थेंब अडतात. शेवरीवर ग्रास यलोही अंडी घालते, पण ती या कुंपणाच्या शेवरीवर नको, म्हणून बागेच्या आतल्या बाजूला टाकळा भरपूर ठेवा.

फवारणीचा दिवस शेजाऱ्याला विचारून घ्या आणि आदल्या संध्याकाळी जुनं धोतर किंवा साडी झाडांवर टाका. दुसऱ्या दिवशी उतरवून कापड बागेपासून लांब धुवा. गावात डासांसाठी धूरफवारणी होते तेव्हाही हेच करायचं.

प्रश्न: नीमतेल वापरावं का? सेंद्रिय आहे म्हणून बरेच लोक वापरतात.

---

गच्चीबाग (सातारा)

फुलपाखरांच्या झाडांवर नीमतेल नको. ते अळीचं खाणं थांबवतं आणि कात टाकण्यात बिघाड करतं. किडीच्या अळीवर ते जसं चालतं तसंच आपल्या अळीवर. सेंद्रिय शेतीत बीटी नावाने मिळणारी जिवाणूची पावडर त्याहून घातक, ती सरसकट अळ्यांसाठीच बनवलेली असते.

मग मावा, पिठ्या ढेकूण यांचं काय? हळदीकुंकूवर पिवळा धमक मावा हमखास येतो. शेंडा बोटांत धरा आणि झारीच्या नळीने जोराचं पाणी मारा, तीन दिवसांच्या अंतराने तीनदा. त्याआधी पानाची खालची बाजू बघा. प्लेन टायगरचं अंडं पांढरट, उभट, एकेकटं असतं. ज्या पानावर आहे ते पान पाण्यापासून वाचवा. पिठ्या ढेकणाला कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावा, फक्त किडीवर. ढालकिडा आणि त्याची काळी-केशरी अळी दिसली तर काहीच करू नका, मावा तेच संपवतात.

आणि नर्सरीतून आणलेल्या रोपांबद्दल सावध राहा. बऱ्याच रोपांना आंतरप्रवाही कीटकनाशक दिलेलं असतं. ते पानात, फुलात, मकरंदात उतरतं, धुऊन जात नाही. रोप चकचकीत, एकही पान कुरतडलेलं नाही, असं असेल तर शंका घ्या. आणल्यावर मुळाभोवतीची माती झटकून बदला, असलेली फुलं खुडा, दोन-अडीच महिने इतर झाडांपासून दूर ठेवा. त्यानंतरच्या नव्या फुटीच्या काड्या लावून पुढची रोपं करा. त्यापेक्षा सोपं म्हणजे कुणाच्या तरी बागेतून काडी मागून आणणं.

---

नवी_गॅलरी

काडी कशी लावायची तेही सांगा ना. पेंटासच्या काड्या काळ्या पडतात.

---

गच्चीबाग (सातारा)

काळ्या पडतात त्या बहुतेक फार कोवळ्या असतात, किंवा पाणी जास्त होतं. फूल नसलेली, वाकवल्यावर कट्ट आवाज करून तुटणारी फांदी घ्या. चार-पाच इंच लांब, पेराच्या बरोबर खाली तिरका काप. खालची पानं काढा, वरची दोन ठेवा, तीही मोठी असतील तर अर्धी कापा. जाड वाळू आणि कोकोपीट निम्मं-निम्मं, त्यात शेणखत अजिबात नको. दोन पेरं मातीत. वरून प्लास्टिकच्या बाटलीचा कापलेला वरचा अर्धा भाग घाला, झाकण काढून. सावली. माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी. जून-जुलैत तीन-चार आठवड्यांत मुळं येतात. काडी हळूच ओढली आणि तिने विरोध केला की मुळं आलीत.

चित्रकही असाच लागतो, फक्त हातमोजे घाला, विशेषतः मुळाशी काम करताना. त्याच्या मुळाच्या रसाने कातडीवर फोड येतात.

---

डोंगरकडा (सातारा पश्चिम)

विषारी झाडांचा विषय निघालाच आहे तर सगळंच एकदा लिहून टाकतो, कारण यातली बरीच झाडं "औषधी" म्हणून ओळखली जातात आणि घरात लहान मुलं असतात. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. छाटणी करताना चष्मा घाला, चीक गेलाच तर भरपूर पाण्याने धुवा आणि थेट डॉक्टरकडे जा. हळदीकुंकूचा चीकही तसाच सांभाळा. कण्हेर आणि एरंडाचं बी पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं. ईश्वरीचा काढा कुणी कितीही सुचवला तरी घेऊ नका, तिच्यातल्या द्रव्याने मूत्रपिंडं निकामी होतात. फुलपाखराची अळी तेच विष अंगात साठवून पक्ष्यांपासून वाचते, क्रिमझन रोजचा लाल देह हा त्या विषाचा इशारा आहे. ही झाडं फुलपाखरांसाठीच लावा.

---

माणदेश (म्हसवड)

पावसाच्या पट्ट्याची चर्चा झाली, आता कोरडवाहूची. माण, खटाव, आटपाडी, जत इकडे पेंटास उन्हाळ्यात जगवायला रोज पाणी लागतं, ते परवडत नाही. इथे रुई, तरवड, टाकळा, कोरांटी, एकदांडी, खुळखुळा, बावची ही खरी बाग. एकदा मूळ धरलं की आठवड्याला एक पाणी पुरतं.

खुळखुळ्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण त्याचा उपयोग मकरंदासाठी नाही. ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर, क्रो या जातींचे नर खुळखुळ्याच्या आणि भुरुंडीच्या वाळलेल्या किंवा जखमी भागावर गर्दी करतात. पायाच्या नख्यांनी पान खरवडतात आणि सोंडेने रस ओढतात. त्या रसातल्या अल्कलॉइडपासून ते मादीला आकर्षित करणारा गंध बनवतात, आणि भक्षकांपासून संरक्षणही मिळतं. म्हणून भुरुंडीची दोन-तीन रोपं उपटून, दोन दिवस सावलीत सुकवून, सुतळीने उलटी टांगा. एका सकाळी तिथे आठ-दहा टायगर बसलेली दिसतील. पण खुळखुळ्याच्या शेंगा जनावराच्या चाऱ्यात जाऊ देऊ नका, विषारी असतात.

बावची फारशी कुणी लावत नाही याचं आश्चर्य वाटतं. काळ्या-मध्यम जमिनीत, कमी पाण्यात दोन ते चार फूट वाढते, वर्षायू आहे, आणि लाइम बटरफ्लाय तिच्यावरही अंडी घालते. लिंबाचं झाड जगवायला पाणी नाही तिथे हा उत्तम पर्याय. फक्त पाला हाताळून उन्हात जाऊ नका. रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की भाजल्यासारखे चट्टे उठतात.

उन्हाळ्यात आणखी एक सोय: मातीची परात, १२ इंची, तिच्यात दोन इंच जाड वाळू, मूठभर शेण, चिमूटभर मीठ. वाळू ओली राहील इतकंच पाणी, वर साचू द्यायचं नाही, डास होतात. नर फुलपाखरं क्षारांसाठी इथे उतरतात. जागा उन्हातली हवी, झाडाखालची नको.

---

द्राक्षपट्टा (तासगाव)

अळ्या मोठ्या होतात आणि एक दिवस अचानक दिसेनाशा होतात. पक्षी नेतात का?

---

कृष्णाकाठ (सांगली)

नेतातच, बुलबुल आणि चिमण्या पिल्लांच्या दिवसांत फार. सरडे, कोळी, गांधीलमाश्याही. पण पूर्ण वाढलेली अळी नाहीशी झाली तर आधी कोश शोधा. कोशावर जाताना अळी खाणं थांबवते, पातळ विष्ठा टाकते आणि झाड सोडून पाच-दहा फूट चालत जाते. कुंडीच्या काठाखाली, खिडकीच्या पट्टीखाली, तुळशीवृंदावनाच्या कोपऱ्यात बघा. लाइमचा कोश हिरव्या जागी हिरवा, भिंतीवर तपकिरी होतो, कमरेला रेशमाचा एक धागा बांधलेला असतो. दसरा-दिवाळीच्या साफसफाईत आणि रंगकामात असे कोश खरवडले जातात. रंगाऱ्याला आधी सांगून ठेवा. कोश भिंतीवर असेल तर भोवतीचा वीतभर भाग आठ-दहा दिवस सोडायचा, थंडीत थोडा जास्त.

कोश काळा पडला म्हणून फेकू नका. बाहेर यायच्या आदल्या दिवशी आवरण पारदर्शक होतं आणि आतल्या पंखांचा रंग दिसतो. मेलेला कोश वेगळा ओळखू येतो: एकसारखा मळकट, हलका, आणि बाजूला बारीक गोल भोक. ते परोपजीवी गांधीलमाशीचं काम. अळीच्या अंगावर पांढरे बारीक कोश चिकटलेले दिसले तर तेही तिचेच, ती अळी वाचत नाही. काही अंडी-अळ्या अशा जाणारच. सगळ्याच जगल्या तर पाला पुरणार नाही.

अगदीच वाचवायच्या असतील तर मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी फांदीवर चढवून दोन्ही टोकं सैल बांधा. आत पाला भरपूर आहे का ते रोज बघा, विष्ठा झटका. प्लास्टिकच्या डब्यात अळ्या कोंडू नका, ओल धरते आणि सगळ्या एकदम काळ्या पडून सडतात.

मुंग्यांबद्दल: कढीपत्त्यावर मुंग्या चढत असतील तर कुंडीखाली विटा ठेवून त्या विटा पाण्याच्या ताटलीत ठेवा, मुंग्या अंडी पळवतात. चित्रकावर मात्र थोडं थांबून निरीक्षण करा. ब्लू कुळातल्या बऱ्याच अळ्या अंगातून गोड द्रव सोडतात आणि मुंग्या त्यांची राखण करतात. तिथे त्यांना अडवू नका.

---

नवी_गॅलरी

सब्जा आणि तुळस एवढ्यात पेरते. झिनियाचं बीही आणलंय, पाकिटावर भरगच्च पाकळ्यांचं चित्र आहे, चालेल का?

---

गच्चीबाग (सातारा)

भरगच्च नको. त्या फुलांत मधल्या मकरंदाच्या नळ्यांच्या जागी पाकळ्याच झालेल्या असतात. मध्ये पिवळ्या बारीक फुलांचं कडं दिसतं ती एकेरी झिनिया घ्या. झेंडूतही मोठा गोंडा सोडून मखमली एकेरी लावा. झिनिया पाव इंच खोल पेरा, आठवड्यात उगवते, दोन-अडीच महिन्यांत फूल. एकदम न पेरता तीन आठवड्यांच्या अंतराने तीनदा पेरा म्हणजे दिवाळीपर्यंत फुलं राहतात. रोपांत एक फूट अंतर. दाटी झाली की सप्टेंबरात पानांवर भुरी येते. पाणी सकाळी आणि मुळाशीच. नत्राचं खत जास्त झालं की झिनिया, कॉसमॉस दोन्ही नुसते पाल्यावर जातात.

सब्जाचं बी भिजवून पेरू नका, गुळगुळीत होऊन हाताला चिकटतं. कोरडं भुरभुरवा, वर बोटभर जागी चिमूटभर गाळलेली माती. तुळशीच्या मंजिऱ्या आपण घाईने खुडतो. अर्ध्या खुडा, अर्ध्या फुलू द्या, म्हणजे झाडही टिकतं आणि बारीक ब्लू फुलपाखरांना मकरंदही मिळतो.

---

द्राक्षपट्टा (तासगाव)

माणदेश, बावचीचं बी कुठे मिळेल? काष्ठौषधीच्या दुकानातलं उगवतं का?

---

माणदेश (म्हसवड)

उगवतं, जुनं नसेल तर. दुकानात किती दिवस पडलेलं आहे ते कळत नाही, म्हणून आधी तपासा. कवच कठीण असतं. दहा बिया बारीक पॉलिश पेपरवर हलक्या घासा, चमक गेली की पुरे, आणि रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. सकाळी ओल्या सुती कापडात गुंडाळून ताटलीखाली झाका, कापड सुकू देऊ नका. दहा दिवसांत पाच-सहा रुजल्या तर बी चांगलं. दोन-तीनच रुजल्या तर पेरताना तिप्पट टाका आणि नंतर विरळणी करा. जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत, अर्धा इंच खोल, फुटाफुटावर. थेट जागेवरच पेरा, सोटमूळ खोल जातं, रोप उपटून दुसरीकडे लावलं तर बसत नाही.